आंबट सूर

त्या भांडणातलं एकच वाक्य मी जपून ठेवलं, आणि तेही भांडण संपल्यावर बोललं गेलेलं.

लग्न होऊन मी नुकतीच या घरात आले होते. आमची आणि शेजारच्यांची भिंत एकच, आणि तीही अशी की पलीकडे कुणी उसासा टाकला तर इकडच्याने 'काय झालं' विचारावं. दुपारची वेळ होती. मी जमिनीवर बसून उशांचे अभ्रे शिवत होते आणि पलीकडे दोन भाऊ वाटणीवरून भांडत होते. थोरला बायकोला घेऊन पुलापलीकडे राहायला निघाला होता. वडील बँडमास्तर, ते वर्षापूर्वी गेले. मागे राहिलं दोन खोल्यांचं सामान आणि दोन क्लॅरिनेट.

सामानावरून एक शब्द झाला नाही. खुर्च्या गेल्या, ताटं गेली, मोठा आरसा गेला. धाकटा नुसता 'ने, ने' म्हणत राहिला. गाडी अडली ती क्लॅरिनेटपाशी. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी विकत घेतलेली, सारखीच काळी, सारख्याच पेटीत निजलेली. तरी त्यातलं एक चांगलं आहे यावर दोघांचं एकमत होतं. वडील बागेत वाजवायचे ते चांगलं. पण वडील कोणतं वाजवायचे, हे विचारलं की एकमत संपलं, कारण ते दोन्ही वाजवायचे. थोरला म्हणाला, मी थोरला, मला जास्त कळतं. धाकटा म्हणाला, थोरलेपण काय ओठांत असतं का? मग आवाज चढले. मी सुई तोंडात धरून ऐकत बसले. नव्या सुनेला दुसरी करमणूक काय असते?

शेवटी त्यांची आई बोलली. फार मोठ्याने नाही. दोघांना म्हणाली, खाली जा, गाडीवाला आला का बघा, मी वाटणी करून ठेवते, परत आल्यावर जी पेटी हाताला लागेल ती उचलायची आणि जन्मात पुन्हा तोंड उघडायचं नाही. दोघं पाय आपटत खाली गेले. मग मला पेट्यांच्या कड्या उघडल्याचा आवाज आला, लाकडातून लाकूड फिरवून काढल्यावर होतो तसा कुरकुर आवाज आला, आणि म्हातारी स्वतःशीच बोलली:

"याचं डोकं त्याला, त्याचे पाय याला. आता रडा दोघं सारखेच."

मला वाटलं, पोरांच्या नावाने बोटं मोडते आहे. ते वाक्य मी अभ्र्यात शिवून टाकलं. विसरले असं नाही, पण पुढे कितीतरी वर्षं उसवूनही पाहिलं नाही.

थोरला पुलापलीकडे गेला तो गेलाच. धाकटा आईजवळ राहिला, आणि आई गेल्यावर एकटा राहिला. लग्नाचं राहूनच गेलं. विचारलं तर म्हणत, "वहिनी, मी एका वेळी एकाच पेटीला सांभाळू शकतो." मी त्यांना भाऊजी म्हणे. गल्लीत त्यांना सगळे फुंकर म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्टीवर फुंकर मारत. चहावर मारत, बसण्याआधी खुर्चीवर मारत, कुलपाच्या भोकात मारत, पायरीवर पडून रडणाऱ्या पोराच्या गुडघ्यावर मारत. आमचे हे म्हणायचे, हा माणूस वाऱ्याला उसनं देत असेल.

दिवसा ते चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे. गोल दगडावर पाणी सोडायचं, काच धरायची आणि घासत राहायचं, असं काम. एकदा मी चष्म्याची काडी घेऊन गेले तेव्हा त्या खोलीत डोकावले होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि फडताळावर शेकडो काचा उभ्या होत्या. प्रत्येकीत एक एक उलटी खिडकी होती आणि त्या सगळ्या खिडक्यांच्या मध्ये भाऊजी वाकून बसलेले. मला वाटलं, हे पाण्याखाली राहतात, संध्याकाळी फक्त श्वास घ्यायला वर येतात.

घरी येताना गल्लीतल्या लोकांचे दुरुस्त झालेले चष्मे तेच आणून देत. दुकानाचं ते काम नव्हतं, त्यांचंच होतं. पद्धत ठरलेली असे. काचेवर फुंकर मारायची, शर्टाच्या टोकाने पुसायची, चष्मा स्वतःच्या हाताने समोरच्याच्या नाकावर ठेवायचा, एक पाऊल मागे सरायचं आणि विचारायचं, "आता काय दिसतं?" तळमजल्यावरची शिंपीण म्हणे, "तुमचं पिकलेलं डोकं." शाळेतले मास्तर म्हणत, "ठीक." मास्तरांचं ते 'ठीक' ऐकून भाऊजींना फार वाईट वाटे. एवढी काच घासली आणि दिसलं काय, तर ठीक.

मग ते घरी येत, पत्ती तोंडात धरून ओली करत आणि वाजवायला बसत. पत्ती म्हणजे चोचीला, तोंडात धरायच्या टोकाला, बांधायची बोरूची पातळ चीप. खरा आवाज तीच काढते, बाकी सगळं लाकूड ऐकायला असतं, असं ते सांगत. तेवढ्या वेळात माझा चुलीपाशी स्वयंपाक चाले. भिंतीतून सूर यायचे ते भिजल्यासारखे, कडा नसलेले. वरून खाली उतरताना एका ठरावीक जागी एक सूर किंचित आंबट लागे. फार नाही. दुधाला नुकतीच आंबूस चव लागावी, आणि आपण 'नाही, चांगलंच आहे' म्हणून पिऊन टाकावं, तितकाच. आमच्या मुलांना तो आवाज म्हणजे घड्याळ होतं. आमचा धाकटा तर तो आंबट सूर आल्याशिवाय तोंडातला घास गिळत नसे. नंतर मला त्या सुराची इतकी सवय झाली की कुठे दुसऱ्याने सरळ सूर लावला तर मलाच वाटे, याचं काहीतरी चुकलं.

भाऊजींना मात्र तो सूर टोचे. बँडमध्ये ते कायम दुसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत बसवायची वेळ आली की नवे बँडमास्तर म्हणत, सगळं उत्तम आहे, फक्त ते खाली उतरताना... आणि पुढचं वाक्य खिशात घालत. भाऊजी म्हणत, दोष वाद्याचा नाही, माझ्या ओठांचा. चांगलं क्लॅरिनेट थोरला घेऊन गेला, माझं हे जसं आहे तसं आहे, पण वडिलांच्या हातातलं आहे, त्याला नाव कसं ठेवू? ओठांना ठेवतो.

एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे बागेत गेलो होतो. बागेच्या दोन टोकांना बँडसाठी बांधलेल्या दोन गोल छत्र्या, आणि त्या दिवशी दोन बँड आलेले. एका छत्रीखाली भाऊजींचा, दुसऱ्या टोकाला कुणाचा ते मला माहीत नव्हतं. मी गवतावर डोळे मिटून पडले होते. झोप आणि जाग यांच्या मधला उंबरठा असतो ना, तिथे होते. जवळून तो आंबट सूर आला, आणि थोड्या वेळाने, पार दुसऱ्या टोकाकडून, तसाच, त्याच जागी. मी ह्यांना म्हटलं, बाग किती मोठी आहे बघा, भाऊजींचा सूर तिकडे जाऊन परत येतो. हे म्हणाले, झोप तू. दुसरा बँड थोरल्याचा होता, हे फार नंतर कळलं.

असं सगळं वय गेलं. मुलं आपापल्या घरी गेली, आमचे हे गेले, आणि भाऊजींचे दात गेले. दात एकदम नाही गेले, पण शेवटचा समोरचा पडला त्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि हातातला दात मला दाखवला. क्लॅरिनेटची चोच वरच्या दातांवर टेकते. कवळी बसवली, तर ती सुराबरोबर हलायची. शेवटी कवळी डबीत गेली, डबी खिशात गेली आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं. भिंत गप्प झाली. मी एकटीच्या जेवणात मीठ वाढवून पाहिलं, फरक पडला नाही.

मग एक दिवस भाऊजी आले आणि म्हणाले, "वहिनी, विकायचंय. पण दिव्याला नाही."

मला अर्थ कळेना. मग त्यांनी सांगितलं. एका हॉटेलात ते चहा प्यायला गेले होते. कोपऱ्यात एक दिवा होता, आणि त्या दिव्याचा दांडा म्हणजे एक क्लॅरिनेट. चोचीच्या जागी बल्ब बसवलेला, वर टोपी, आणि खालच्या कर्ण्यातून वायर बाहेर आलेली. चाव्या चमकावून ठेवलेल्या. भाऊजी हे असं सांगत होते जसं फाशी दिलेला ओळखीचा माणूस पाहून आलेत. चहा तसाच टाकून ते उठले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लाकूड वाजलं नाही तर सुकतं, आणि सुकलं की तडकतं. ते स्वतः आता वाजवू शकत नाहीत. ते गेल्यावर खोली रिकामी करायला येणारा माणूस पेटी उघडेल आणि त्याला दिवा दिसेल. म्हणून आत्ताच, हातात जीव असताना, वाजवणाऱ्याच्या हातात द्यायचं. भाव काय मिळेल ते मिळो, पण विकत घेणाऱ्याचे ओठ बघून द्यायचं.

मला सोबत नेलं ते घासाघीस करायला. घासाघीस करायची ती माझी, काचा घासायच्या त्या त्यांच्या, असं ते म्हणाले. जाताना बसमध्ये भाऊजींनी पेटी मांडीवर धरली होती, आजारी मुलाला डॉक्टरकडे नेताना धरतात तशी.

दुकान नदीकडे उतरणाऱ्या जिन्याखाली होतं. आत तेलाचा आणि बुचाचा वास. छताला पितळी वाद्यं टांगलेली, धुतलेले कपडे वाळत घालावेत तशी. दुरुस्ती करणारी एक तरणी बाई होती, केसांत पेन्सिल खोचलेली. भाऊजींना तिने काका म्हटलं, मला आजी. मी मनातल्या मनात तिचे दोन गुण कमी केले.

भाऊजींनी आधीच सगळे दोष सांगून टाकले. विकायला आलेला माणूस असं करत नाही, मी त्यांना कोपरखळी मारली, पण उपयोग झाला नाही. वरच्या तुकड्याला एक बारीक चीर आहे, ती थंडीत पडली होती आणि त्यांनीच बुजवली. सांधा सैल आहे, म्हणून आत दोरा गुंडाळला आहे. आणि खाली उतरताना एक सूर आंबट लागतो, पण तो माझ्या ओठांचा, वाद्याला लावू नका.

बाईने मान डोलावली आणि कामाला लागली. तिची घाई नव्हती, हे मला आवडलं. आधी तिने पाचही भाग वेगळे करून कापडावर मांडले. चोच, तिच्या खालची आखूड नळी, वरचा तुकडा, खालचा तुकडा, कर्णा. मग लाकूड अंगठ्याने जोरात घासलं आणि वास घेतला. कडक रबराची पण अशीच काळी क्लॅरिनेट असतात, घासली की जळक्या टायरचा वास येतो, असं तिने मला समजावलं. ह्याला जुन्या कपाटाचा वास होता. मग तिने वरचा तुकडा दिव्याकडे धरून आतून पाहिलं, आणि मी वाकून बघते आहे हे लक्षात आल्यावर माझ्या डोळ्याला लावला. आत लाकडाच्या रेषा होत्या, विहिरीच्या भिंतीवर असतात तशा, आणि अगदी टोकाला उजेडाचं एक वाटोळं नाणं. बाजूच्या भोकांतून छोटे छोटे उजेड आत पडले होते. त्या विहिरीत भाऊजींच्या सगळ्या संध्याकाळी उतरल्या असतील, असं माझ्या मनात आलं. मी पटकन डोळा काढला.

कारखान्याचा शिक्का प्रत्येक तुकड्यावर सारखाच होता, म्हणजे कुणी मागून भलताच तुकडा जोडलेला नाही, असं ती म्हणाली. फार जुन्या काळी काही क्लॅरिनेटचा सूर चढा ठेवत, ती आजच्या बँडमध्ये बसत नाहीत. तेही तिने यंत्रावर तपासलं, तसं नव्हतं. चाव्या खऱ्या, स्प्रिंगा जुन्या पण जिवंत. माझा भाव मनात चढत होता. शेवटी तिने सगळं जोडलं, स्वतःची पत्ती बांधली आणि वाजवलं. वरून खाली उतरत आली.

आंबट सूर लागला.

तिचे ओठ, तिची पत्ती, तिचे सगळे दात जागच्या जागी. आणि सूर तोच, त्याच जागी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

बाईने पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. मग तिने क्लॅरिनेट उलटं केलं, सांध्याजवळ वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि हाताच्या मळाचा काळा थर होता, तो ओल्या फडक्याने पुसला आणि भिंग लावलं. वरच्या तुकड्यावर बारीक आकडे होते, शेवटचा सात. खालच्या तुकड्यावरही होते, शेवटचा आठ.

ती म्हणाली, "काका, हे एक क्लॅरिनेट नाही. दोन क्लॅरिनेटची अर्धी अर्धी आहेत."

मग तिने समजावून सांगितलं. कारखान्यात वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांशी जुळवून घेतात, भोकं त्या हिशोबाने पाडतात. जुळ्या बहिणी असल्या तरी एकीची चप्पल दुसरीला चावतेच. आहे असं हे वाजवणाऱ्याला विकता यायचं नाही. शोभेला घेणारे आहेत, तिच्याकडे एक माणूस नेहमी येतो, दिवे बनवतो, तो बरा भाव देतो. हे ती चांगल्या मनाने म्हणाली. तिला काय माहीत? भाऊजींचा हात मात्र पेटीच्या झाकणावर गेला. तिने पुढे असंही सांगितलं की खालचा खरा तुकडा मिळाला तर गोष्ट वेगळी. एक संगीतशिक्षक एका विद्यार्थिनीसाठी असंच जुनं क्लॅरिनेट शोधत आहेत. पण तो तुकडा या जगात कुठे असेल कोण जाणे.

मी स्टुलावर बसले होते. तिथेच माझ्या अभ्र्याची शिवण उसवली. याचं डोकं त्याला, त्याचे पाय याला.

दुकानात मी काही बोलले नाही. बसमध्ये बसल्यावर सांगितलं. म्हातारीने वाटणी केली ती अशी. एक चांगलं, एक वाईट असेल तर दोघांनाही अर्धं चांगलं, अर्धं वाईट. पोती वाटताना करतात तसं, दोन्ही पोत्यांतलं अर्धं अर्धं. तिला वाजवता येत नव्हतं, पण न्याय येत होता. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. काचेवर फुंकर मारली, पुसली, पुन्हा बाहेर पाहिलं.

"म्हणजे माझे ओठ बरे होते," ते म्हणाले. आणि पूल दिसायला लागल्यावर: "आणि त्याचेही."

मी त्यांना एकच विचारलं, जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बसवलीत, घरातल्या वाद्यावर एकदा धरलं नाहीत? काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते म्हणाले, धरून काय करू, मला माहीतच होतं ना, की चांगलं तो घेऊन गेला. खरं आहे. ज्याच्याकडे तक्रार असते त्याला भिंग लागत नाही.

आम्ही घरी उतरलोच नाही, तसेच पुढे पूल ओलांडून थोरल्याकडे गेलो. उद्यावर टाकलं असतं तर भाऊजींचा धीर सुटला असता. दार वहिनींनी उघडलं, म्हणजे थोरल्याच्या बायकोने. थोरला खिडकीशी खुर्चीत बसला होता, अंगावर शाल, छातीत शिट्टी वाजत होती. दम्याने त्यालाही वाजवणं सोडायला लागलं होतं. भावाला बघून त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, तो त्याने लगेच परत पाठवला.

म्हणाला, "शेजारीण साक्षीला आणलीस? आता काय उरलंय न्यायचं?"

भाऊजींनी वाकडी वाट घेतली नाही. खालचा तुकडा हवा आहे म्हणाले. झालं. भांडण जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू झालं, जणू दोघं नुसते खाली गाडीवाला बघायला गेले होते. थोरला म्हणे, माझ्या वाट्याचं अर्धं मागायला आलास, आवळा देऊन कोहळा काढतोस. भाऊजी म्हणत, चांगलं तर तुझ्याकडे. थोरला म्हणे, माझ्याकडे? मी जन्मभर दुसऱ्या रांगेत बसलो ते चांगलं घेऊन? चांगलं तू ठेवलंस, आईचा लाडका. एकाला बोलताना फुसफुस, दुसऱ्याला बोलताना खोकला. मी आणि वहिनी बघत उभ्या. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, इथे एकाला दात नव्हते आणि एकाला दम नव्हता, आणि भांडण मात्र दोघांना पुरून उरलं होतं.

शेवटी वहिनींनीच कपाटावरून पेटी काढली आणि पलंगावर ठेवली. म्हणाल्या, बघा तरी. भाऊजींनी आपली पेटी शेजारी उघडली. थोरल्याच्या सांध्यावरही दोरा गुंडाळलेला होता. त्याचा पांढरा, यांचा काळा. भाऊजींनी खिशातून भिंग काढलं, मळ पुसला. थोरल्याच्या वरच्या तुकड्यावर आठ, खालच्यावर सात.

थोरल्याला तरी पटेना. ही कारखान्याची चूक म्हणाला. तेव्हा मी भिंतीपलीकडून ऐकलेलं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं.  थोरला हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, वहिनींनी पाठ चोळली.

मग त्याने विचारलं, "तुझा कुठे आंबट लागतो?"

भाऊजींना वाजवून दाखवता येत नव्हतं. ते नुसते गुणगुणले. वडिलांचं बागेतलं जुनं वाजवणं, वरून हळूहळू उतरत येणारं. थोरला मधेच त्यात मिसळला. त्यालाही फुंकणं जमत नव्हतं, गुणगुणायला मात्र दम पुरत होता. बाहेर संध्याकाळ होत आली होती, नदीवरचा उजेड छतावर हलत होता. दोन म्हातारे पलंगाच्या दोन कडांवर बसून उतरत होते, उतरत होते, आणि त्या जागेवर आल्यावर दोघांनीही तो सूर थोडा आंबट लावला. गळा तर कुणाचा बिघडलेला नव्हता. सवय. दोघं एकदम थांबले. मला बागेतलं गवत आठवलं, आणि तो प्रतिध्वनी.

पुढचं सोपं होतं. खालच्या तुकड्यांची अदलाबदल झाली. दोरे काढून टाकले, दोन्ही सांधे असे बसले की वहिनी म्हणाल्या, दार लागल्यासारखं वाटलं. दोन्ही पेट्या घेऊन आम्ही दुरुस्तीवालीकडे गेलो, थोरला रिक्षा करून आला. तिने सातवालं वाजवलं. वरून खाली आली, त्या जागेवरून गेली आणि काहीच झालं नाही. सूर सरळ. दोघं भाऊ डोळे मिटून बसले होते. बाप बागेत वाजवत असेल तेव्हा असंच बसत असतील. मला मात्र अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. मी कुणाला सांगितलं नाही. मग तिने आठवालं वाजवलं. थोरल्याने विचारलं, आता सांग, चांगलं कोणतं? तिने दोन्ही पुन्हा वाजवली, यंत्राकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की तिला तरी फरक कळत नाही.

 मला वाटतं, एवढं महाग उत्तर त्या दोघा भावांनी कधी ऐकलं नव्हतं.

भाऊजींचं सातवालं त्या विद्यार्थिनीला गेलं. शिक्षक आणि ती दोघं आले होते. किमतीचं मी बोलले, आणि बरं बोलले, पण भाऊजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, आधी वाजव. ती लाजली, मग वाजवलं. भाऊजी तिच्या तोंडाकडे असं वाकून बघत होते की शिक्षक अस्वस्थ झाले. ती थांबल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, ओठ बरे आहेत. आणि पेटी तिच्या मांडीवर ठेवली, आधी झाकणावर फुंकर मारून.

आठवालं विकायचं नाही असं थोरल्याने जाहीर केलं. मग ते कुणाकडे राहायचं यावरून पुन्हा सूर चढायला लागले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, आता मी अर्धं करू का? त्यावर तोडगा निघाला. काही दिवस या बाजूला, काही दिवस त्या बाजूला. तेल पाजायचं, पुसायचं, आणि ती मुलगी कधीमधी येऊन त्यात श्वास घालून जायची, लाकूड सुकू नये म्हणून. ने-आण भाऊजींनी करायची, कारण थोरल्याला पुलाचा चढ झेपत नसे. मुलगी इकडे आली की भिंतीतून सूर येत, सरळ, गोड. मी चुलीपाशी उभी राहून ऐके, आणि ती जागा आली की मनातल्या मनात थोडी आंबट करून घेई.

भाऊजी गेले ते थोरल्याच्या घरी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. पेटी पलंगावर होती आणि थोरला बोलत होता, त्याला बराच वेळ कळलंही नाही. त्या संध्याकाळी ते आधी माझ्याकडे आले होते. बगलेत पेटी होती, खिशात चष्मे. माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता तो बसवून आणला होता. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तर म्हणाले, बस चुकेल, तो तिकडे दाराकडे डोळे लावून बसतो. काचेवर फुंकर मारली. दात नसल्यामुळे ती थोडी वाकडी जाई. शर्टाच्या टोकाने पुसली, चष्मा माझ्या नाकावर ठेवला, एक पाऊल मागे सरले.

"आता काय दिसतं?"

"तुम्ही," मी म्हटलं, "आणि तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण."

"मग काच बरोबर बसली."

बटण लावून देते म्हटलं, तर परत आल्यावर म्हणाले. जिना उतरताना त्यांनी पेटी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. खाली शिंपिणीच्या दारावर टकटक केलेली ऐकू आली, मग थोडा वेळ काही नाही, म्हणजे फुंकर चालली असणार, आणि मग तिचा आवाज आला, तुमचं पिकलेलं डोकं.